बॅटरी भरलेली हवी की टिकणारी?

हिशेबी : तीन वर्षांपूर्वी स्वयंसेवकांसाठी वीस वॉकीटॉकी घेतल्या, त्यांच्याबरोबर वीस चार्जिंग स्टँड आले. त्यातले सतरा अजून ठणठणीत आहेत. तीन बिघडले, ते पैठण गेटला जाऊन बदलून आणू, विषय संपला. आणि तू मात्र सहा खणांच्या वेगळ्या चार्जरचं कोटेशन घेऊन आलीस. हा वर्गणीचा पैसा आहे, पोरांनी गुलमंडीवर दुकान-दुकान फिरून जमवलेला. मी तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात भांडार सांभाळलं. तिथं सगळ्यात जास्त पैसा गेला तो कपाटात असलेलीच वस्तू पुन्हा मागवण्यात. स्टँडमध्ये सेट ठेवला की लाल दिवा लागतो, भरला की हिरवा होतो. यात निवडण्यासारखं काय आहे, ते मला आधी समजावून सांग.

हौशी : काका, तुम्ही हिरव्या दिव्याला पावती समजता, म्हणून तुम्हाला विषय संपल्यासारखा वाटतो. आपल्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हंडा कसा भरायचा हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आधी नळ पूर्ण सोडायचा, पाणी तोंडाशी आलं की बारीक करायचा, काठाला लागलं की बंद. लिथियमची बॅटरी अशीच भरतात. आपल्या बॅटरीच्या लेबलवर ७.४ व्होल्ट लिहिलंय. आत दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. चार्जर आधी ठरलेला प्रवाह सोडतो. दाब ८.४ व्होल्टला पोचला की तो तिथंच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. अगदी बारीक झाला की दिवा हिरवा. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की आता आत फारसं काही जात नाही. हंडा वीस लिटरचा राहिलाय की गाळ बसून बारा लिटरचा झालाय, हे त्याला कळत नाही. उलट थकलेली बॅटरी नव्या बॅटरीपेक्षा लवकर हिरवी होते, कारण तिच्यात मावतंच कमी. मग संस्थान गणपतीची मिरवणूक राजाबाजारातून निघून थोडी पुढं सरकते न सरकते तोच तो सेट बसतो, आणि ज्याच्या कमरेला असतो तो पोरगा शपथेवर सांगतो की सकाळी फुल होता. तो खोटं बोलत नसतो.

हिशेबी : हे पटलं. पण तुझा सहा खणांचा चार्जर गाळ दाखवतो का? की तिथंही लाल-हिरवाच खेळ आहे, फक्त सहा ठिकाणी?

हौशी : बरेचसे तसेच असतात, हे कबूल करते. सहा स्टँड एका पेटीत बसवले आणि एकच वायर बाहेर काढली, एवढाच फरक. पण काही चार्जर बॅटरी एकदा पूर्ण उतरवून, पुन्हा भरून तिच्यात किती मावतं ते मोजतात. मोठ्या कंपन्यांनी याच्याही पुढची सोय केलीय. मोटोरोलाच्या इम्प्रेस पद्धतीत बॅटरीच्या आत एक चिप असते आणि चार्जर तिच्याशी बोलतो. कितीदा भरली, क्षमता किती उरली, कधी बदलायला हवी, याची नोंद राहते. तुमच्या भांडाराच्या वहीसारखीच ती वही, फक्त बॅटरीच्याच पोटात ठेवलेली.

हिशेबी : आणि त्या वहीसाठी बॅटरीही त्यांच्याच पद्धतीची लागते. साधी लावली तर?

हौशी : भरते. नोंद मिळत नाही.

हिशेबी : मग एकदा त्या घरात पाऊल टाकलं की पुढची प्रत्येक बॅटरी त्याच घरून. पोलिसांना, विमानतळाला ते परवडतं आणि त्यांना ते घ्यायलाही हवं. आपले सेट कोणते? ४४६ मेगाहर्ट्झच्या त्या छोट्या पट्टीतले, जिला २०१८ पासून परवाना लागत नाही. अशा सेटला सेटपेक्षा महाग चार्जर लावायचा म्हणजे सायकलला पेट्रोल पंप बांधून देण्यासारखं आहे. गाळ मोजायचाच असेल तर मी फुकटात मोजतो. वीसही सेट पूर्ण भरायचे, सकाळी आठला चालू करून एका टेबलावर मांडायचे आणि कोणता किती वाजता बसला ते वहीत लिहायचं. जो सगळ्यांच्या आधी बसला त्याच्या पाठीवर लाल पट्टी. वर्षातून दोनदा एवढं केलं की मला प्रत्येक बॅटरीची कुंडली मिळते. हे काम यंत्राकडं दिलं की माणसं वही लिहायचं सोडून देतात. कारखान्यात मी हे पाहिलंय. वजनकाटा आपोआप छापायला लागला, आणि दोन वर्षांत काटा चुकतोय हे ओळखणारा माणूस खात्यात उरला नाही.

हौशी : तुमची टेबलावरची परीक्षा मला मनापासून आवडली. फक्त एक भर घालते. नुसता चालू ठेवलेला सेट आणि हातात वापरलेला सेट यांत फार फरक आहे. सेटची बॅटरी किती तास चालते हे मोजताना धरतात की शंभरातले पाच भाग वेळ बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग नुसतं थांबणं. माझा परवान्याचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट पाच वॅटचा आहे. तो बोलताना सुमारे दीड अँपिअर ओढतो, म्हणजे त्याची १५०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी सलग बोललं तर तासाभरातच संपावी. गप्प असताना तोच सेट त्याच्या कितीतरी पट कमी घेतो. तुमचे सेट कमी ताकदीचे आहेत, पण गोष्ट तीच. म्हणून परीक्षेत अधूनमधून बटण दाबून बोलायलाही हवं. आणि परीक्षा झाली की लगेच भरायला लावा. लिथियम रिकामी ठेवली तर मरते.

हिशेबी : इथं मला अडखळायला होतं. आम्हाला तर नेमकं उलटं शिकवलं होतं: पूर्ण बसू द्या, मगच लावा, अर्धवट लावलीत तर बॅटरीला सवय लागते. मी हेच वाक्य पंचवीस वर्षं गेटवरच्या प्रत्येक वॉचमनला सांगितलंय.

हौशी : आणि तेव्हा तुम्ही बरोबर होतात. ती निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. तिला पुन्हा पुन्हा थोडीशीच उतरवून भरली तर ती पुढं तेवढंच द्यायला लागायची, आणि अधूनमधून पूर्ण उतरवणं हाच तिच्यावर उपाय होता. लिथियमला तशी सवय लागत नाही. तिला तळाला नेणं उलट जाचतं. दोष तुमच्या वाक्यात नाही. आतलं रसायन बदललं आणि वाक्य तसंच पुढं चालत राहिलं.

आणि काका, माझा खरा आक्षेप तुमच्या त्या तीन स्टँडांवर आहे. पैठण गेटला मिळणारं स्टँड आपल्या सेटला बसतं म्हणजे ते आपल्या बॅटरीला चालतं, असं होत नाही. निकेलच्या बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा सेल असले की लेबलवर ७.२ येतं. आपल्या लेबलवर ७.४ आहे. दुकानात दोन्ही आकडे सारखेच वाटतात, खाचाही जुळू शकतात. पण निकेलचा चार्जर थांबतो कधी? बॅटरी भरली की तिचा दाब किंचित खाली येतो, निकेल-मेटल हायड्राइडमध्ये तर सेलमागे पाच मिलिव्होल्टच्या आसपास. ती घसरण दिसली की तो समजतो, झालं. लिथियममध्ये ती घसरण येतच नाही. चार्जर तिची वाट पाहत ढकलत राहतो, ८.४ च्याही पुढं. बॅटरीच्या आत एक संरक्षक पट्टी असते, ती वेळेवर तोडेल या भरवशावर आपण सगळे झोपलेले. आणि स्वस्त बॅटरीत ती पट्टी कशी निघेल, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

हिशेबी : याचं उत्तर मी तुला देत नाही, माझ्यासमोर घडलेलं सांगतो. आमच्याकडं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जुने आणि नवे सेट एकत्र होते, आणि जे स्टँड मोकळं असेल त्यात सेट ठेवायचा असा रिवाज होता. एका सकाळी वॉचमन सेट घेऊन आला. म्हणाला, साहेब, याची बॅटरी निघत नाहीये. मी हातात घेतला तर पाठ फुगलेली. टेबलावर ठेवला तर झोपाळ्यासारखा डुलत होता. बॅटरी नीट बसली की खालची कडी 'टक' करून लागते. ती कडी अर्ध्यावरच अडकली होती, आणि फटीतून नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. आम्ही तो वाळूच्या बादलीत ठेवून मोकळ्या जागेत नेला. आग लागली नाही. पण त्या केबिनमध्ये रात्री एक माणूस झोपायचा, हे मला नंतर आठवलं आणि माझे हात गार पडले. दुसऱ्याच दिवशी मी जुन्या स्टँडांना पिवळा आणि नव्यांना निळा रंग दिला. म्हणजे तुझं म्हणणं मला मान्य आहे, पण उपाय म्हणून मला अजूनही रंगाचा डबा दिसतो, नवा चार्जर दिसत नाही.

हौशी : रंगाचा डबाही घेऊ. पण नवी वस्तू आणायची तर तीन अनोळखी स्टँड आणण्यापेक्षा सेटच्याच उत्पादकाचा एक चार्जर आणू. बॅटरीच्या लेबलवर भारतीय मानक चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि आयएस १६०४६ हा आकडा आहे का ते पाहू. चार्जरच्या अडॅप्टरवरही चिन्ह पाहू. तो रेडिओत खरखर घालतो का हेही मी घरी तपासून देईन, कारण काही स्वस्त अडॅप्टर इतका गोंगाट करतात की माझ्या शॉर्टवेव्हच्या सेटवर लांबचे आवाज ऐकूच येत नाहीत. आता उन्हाचं बोलते. तुमचे सतरा स्टँड कुठं आहेत? पत्र्याच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर. मेमध्ये या शहरात बाहेरच चाळिशी ओलांडते. लिथियम साधारण ४५ अंशांपर्यंतच भरावी असं सांगतात. त्या पत्र्याखाली दुपारी तीनला किती असेल, तुम्हीच सांगा. त्यात पोरं भरलेले सेट तसेच स्टँडमध्ये सोडून जातात, नाथषष्ठीपासून गणपतीपर्यंत. बॅटरीबद्दल नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे: पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवली तर तिची क्षमता साधारण ३५ टक्के जाते. तीच चाळीस टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर जेमतेम चार टक्के. एवढी तफावत नुसत्या ठेवण्यात आहे, वापर धरलेलाच नाही. सहा खणांची पेटी मी उचलून आतल्या दगडी खोलीत नेऊ शकते. सतरा स्टँड आणि एकाला एक जोडलेले चार एक्स्टेंशन बोर्ड उचलून कोण नेणार?

हिशेबी : बोर्डांचं बरोबर आहे, ते मी उद्याच बदलतो. वायरमनला सांगून सरळ भिंतीतून ओळ काढून घेऊ. पण तू चाळीस टक्के म्हणालीस, तिथं मी तुला थांबवतो. आपण सेट ठेवतो कशासाठी? बॅटरीला दीर्घायुष्य लाभावं म्हणून?

१९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मी तेव्हा तरुण होतो, मिरवणुकीत दिवसभर पायी होतो. रात्री सगळे दमून झोपले. मराठवाडाभर त्या रात्री हेच चाललं असणार, विसर्जन करून माणसं घरी आली आणि आडवी झाली. आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हलली. हजारो माणसं त्या झोपेतून उठलीच नाहीत. जिथं घरंच ढिगारा झाली तिथं वीज कुठली आणि टेलिफोन कुठला. आता त्या रात्री आपल्यासारख्या एखाद्या पथकाकडं वीस सेट होते असं धर. दिवसभर मिरवणुकीत वापरलेले, बाराला परत आलेले, सगळे बसलेले. चारच्या आत किती भरतील? माझे सतरा स्टँड असतील तर सतरा, एकाच वेळी, चार तासांत जवळजवळ पूर्ण. तुझी सहा खणांची पेटी असेल तर सहा. बाकीचे चौदा रांगेत. तू तुझी पेटी जरा जलद धर, फेरीला तीन तास धर. वीस सेटना चार फेऱ्या लागतात, म्हणजे बारा तास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मला बॅटरीचं वय नको, मला ती पहाटे चारला भरलेली हवी.

हौशी : या हिशेबाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. जेवढं आहे तेवढं सांगते. हंडा मोठ्या धारेत झपाट्यानं भरतो, वेळ जातो तो तोंडाशी. बॅटरीचंही तसंच, बराचसा भाग पहिल्या टप्प्यात येतो आणि शेवटचं थोडं यायला निम्मा वेळ लागतो. संकटात हिरव्या दिव्याची वाट पाहायचीच नाही. दीड-दीड तासाला काढून पुढचे सहा लावायचे. मग चारपर्यंत बारा सेट बोलण्याइतके होतात.

हिशेबी : आणि दीड वाजता, तीन वाजता उठून ते बदलणार कोण? दिवसभर उन्हात दोरी धरून उभी राहिलेली पोरं?

हौशी : हो, तिथंच माझा चार्जर लंगडा पडतो. तुमचे स्टँड माणूस झोपला तरी काम करतात. पण तुमचेही स्टँड वर्षातल्या त्या एका रात्री जिंकतात आणि उरलेल्या ३६४ दिवसांत, त्याच पत्र्याखाली, बॅटऱ्या मारतात. आणि मग ती रात्र येते तेव्हा सतरा हिरवे दिवे असतात आणि प्रत्येक हंड्यात निम्मा गाळ. तुम्ही ज्या तयारीबद्दल बोलताय तिचा घास ही तयारीच घेते. नेहमी भरलेली ठेवली म्हणून ती लवकर मरते, आणि टिकावी म्हणून अर्धी ठेवली तर हाक येते तेव्हा अर्धीच असते. कुठल्याही किमतीचा चार्जर आणला तरी ही गाठ सुटत नाही. महागातला चार्जर फार तर ती आपल्याला स्पष्ट दाखवेल.

हिशेबी : मग माझ्या दृष्टीनं प्रश्न असा उरतो, की आपण बॅटरी ही खर्चाची वस्तू मानायची की मालमत्ता. अग्निशमनाच्या बादलीतली वाळू कुणी वाचवून ठेवत नाही. बॅटऱ्या भरलेल्या ठेवू, तीन वर्षांनी मेल्या तर बदलू, आणि तो खर्च वर्गणीच्या पावतीवर आधीच लिहू. लोकांना सांगू की हा पैसा त्या एका पहाटेसाठी आहे. देतील. या शहरातली माणसं देतात.

हौशी : देतील, पण दर तीन वर्षांनी वीस बॅटऱ्या कचऱ्यात जाणार, हेही पावतीवर लिहा. २०२२ च्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय, लेबलवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं. तरी आपली पोरं ती घंटागाडीतच टाकतात. मला मधला एक रस्ता दिसतो. वीसपैकी आठ सेट कायम भरलेले, आतल्या गार खोलीत, दर महिन्याला पाळी बदलून. बाकीचे बारा अर्ध्यावर. पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडायची बातमी आली, किंवा सण दोन दिवसांवर आला, की सगळे पूर्ण. भरायचं ते पहाटे, खोली गार असते तेव्हा. वीस स्टँड ठेवायचे, पण एरवी प्लग काढून. आणि सहा खणांचा चार्जर एकच, बॅटरी मोजणारा.

हिशेबी : आठच का? दहा का नाहीत? किल्लारीला आठ पुरले असते?

हौशी : नसते. वीसही पुरले नसते. आठ हा आकडा मी एवढ्यासाठी काढला की दर महिन्याला पाळी बदलायला एक माणूस तासभर देऊ शकतो. दोन माणसं मिळाली तर सोळा.

हिशेबी : म्हणजे तुझा आकडा बॅटरीवरून आलाच नाही, माणसावरून आला. आणि माझाही. मी वीसच्या वीस भरलेल्या ठेवा म्हणतो, कारण माझा कुणाच्या तासभरावर विश्वास नाही. तू अर्ध्यावर ठेवा म्हणतेस, कारण तुझा आहे. तीस वर्षांत मी अशा पाळ्या सुरू झालेल्या पुष्कळ पाहिल्या. दुसऱ्या वर्षी त्या चालू असलेल्या फार थोड्या पाहिल्या.

हौशी : मी पाहिल्यात. आमच्यातले काही हॅम वर्षानुवर्षं ठरल्या वेळी सेट लावून हजेरी देतात. कुणी पगार देत नाही, कुणी विचारतही नाही. पण आपली पोरं तसं करतील का, याची हमी मी देऊ शकत नाही.

हिशेबी : मग एक वर्ष तुझ्या पाळीनं करू. वही मी ठेवतो, अनंत चतुर्दशीच्या आधी टेबलावर परीक्षा घेतो, आणि आकडे बघून पुढच्या वर्षी पुन्हा भांडू. तुझा मोजणारा चार्जर तोपर्यंत थांबेल. स्टँडही पैठण गेटचे नकोत, उत्पादकाचेच तीन मागवू.

हौशी : चार्जर थांबला तरी चालेल. पत्र्याची खोली थांबणार नाही, ती आजच सोडायची.

हिशेबी : आजच. आणि सात नंबरची बॅटरी आधी स्टँडमधून काढ. तू बोलत होतीस तेव्हा मी सगळ्यांच्या पाठीवरून बोट फिरवून पाहिलं. तिची कडी लागत नाहीये.